आखाजीच्या आधीची मीटिंग

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शेजारच्या केळीच्या बागेत एक मजूर दुपारी दीडच्या सुमारास घड वाहता वाहता ऊन लागून मटकन खाली बसला आणि काहीबाही बडबडायला लागला, अंग तव्यासारखं तापलेलं पण घामाचा टिपूस नाही. आम्ही दहा-पंधरा जण गोळा झालो, एक म्हणे कांदा हुंगवा, एक म्हणे "पानी पाज त्याले", आणि तो धड शुद्धीत नसताना आम्ही त्याच्या तोंडात पाणी ओतत होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ते पाणी श्वासनलिकेत गेलं असतं तर जीवच गेला असता. 108 ला फोन करायचं सुचेपर्यंत वीस मिनिटं गेली. आशाताईचं, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिच्याकडे सगळी माहिती होती, तिला कुणी हाकच मारली नाही.

वाचला तो. पण ते वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

रावेर-भुसावळकडे पारा 45 च्या वर जाणं हे आपल्याला काही नवीन नाही, म्हणूनच बहुतेक आपण त्याला आपत्ती समजत नाही, पूर आला तरच ती आपत्ती. अहमदाबादने 2010 च्या उन्हाळ्यात खूप माणसं गमावली आणि मग 2013 ला उन्हासाठी शहराचा वेगळा प्लॅन केला. आणि आपल्याच खान्देशात, नंदुरबारला, कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना तेव्हाचे कलेक्टर राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजनचे प्लांट उभे करून घेतले, दुसऱ्या लाटेत ते कामी आले. म्हणजे तयारी संकटाच्या आधीच करायची असते.

तर मागच्या वर्षी आम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी मीटिंग घेतली. आखाजीच का, तर सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या मजुरांचं साल तेव्हा बदलतं, नवीन माणसं गावात येतात आणि ऊनही तेव्हाच चढतं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशाताई, गणेश मंडळाची पोरं, बचत गटाच्या बाया, सरपंच, सगळे मारुतीच्या पारावर बसलो. ग्राम आरोग्य समिती कागदावर आधीपासून होतीच, तिला नियमाने वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधी असतो हे मला तर तिथेच कळलं!

डॉक्टरांनी पोस्टर आणलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात 'उष्माघात'. बचत गटातली एक पावरा या आदिवासी समाजातली ताई, तिचा नवरा सालदार आहे, ती म्हणाली, "साहेब, हे आमच्यातल्या कोणाले समजनार नाही, आम्ही ऊन लागलं म्हनतो, आन् अर्ध्यांले तर वाचताच येत नाही." डॉक्टरांनी लगेच ते ऐकून घेतलं, हे मला फार आवडलं. मग त्या ताईनेच पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं: माणूस बरळायला लागला की सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ ठेवा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 लावा. ते व्हॉट्सॲपवर सगळ्या वस्तीत फिरलं, आजही फिरतंय. सरकारी यंत्रणेला हे एकटीला जमलंच नसतं, आणि आम्हाला डॉक्टरांशिवाय काय सांगायचं तेच माहीत नव्हतं.

बागवाल्यांशी बोलणं मात्र जड गेलं. कटाई पहाटे सुरू करून बाराच्या आत आटपा म्हटलं तर गाडी भरायची वेळ व्यापारी ठरवतो म्हणे, आणि ते खोटं नाही. चार-पाच जण तयार झाले, बाकीच्यांच्या मागे अजून लागलोय.

यंदा बर्फाची सोय कुल्फीवाल्याकडे लागली, समाजमंदिराची किल्ली आशाताईकडे ठेवली, तिथे कूलर आणि दोन खाटा आहेत. लाईट गेली तर कूलर कशावर चालवायचा हे राहिलंय, मंडपवाल्या नानांकडे जनरेटर आहे, उद्या सकाळी त्यांच्याकडे जातोय.