‘फक्त खेळावर लिहा’ या सूचनेमागे काय दडलेले असते

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस डेडस्पिन या अमेरिकी क्रीडा संकेतस्थळाच्या संपादकीय विभागाला व्यवस्थापनाकडून एक लेखी सूचना मिळाली. यापुढे फक्त खेळ आणि खेळाशी काही ना काही संबंध असलेले विषय एवढेच हाताळायचे, असा तिचा आशय होता. वरवर पाहता यात वावगे काही नाही. क्रीडा संकेतस्थळाने खेळाबद्दल लिहावे, याला कोण आक्षेप घेईल? पण दुसऱ्याच दिवशी, ही सूचना पाळली नाही म्हणून, प्रभारी संपादक बॅरी पेचेस्की यांना कामावरून काढण्यात आले आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे २० लेखक-संपादकांनी एकामागून एक राजीनामे दिले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा त्या संकेतस्थळावर लिहिणारे कोणी उरले नव्हते.

साताऱ्यात राहून मैदानी स्पर्धा आणि कुस्ती यांच्या बातम्या देताना ही घटना मला वारंवार आठवते, कारण तीच सूचना आमच्याकडेही दिली जाते. फरक इतकाच की, ती लेखी नसते आणि तिच्यावरून कोणी राजीनामा देत नाही.

डेडस्पिन २००५ मध्ये गॉकर मीडिया या संकेतस्थळे चालवणाऱ्या कंपनीच्या छत्राखाली सुरू झाले. हल्क होगन या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीपटूने लावलेल्या खटल्यात गॉकरवर सुमारे १४ कोटी डॉलरची भरपाई लादली गेली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१६ मध्ये युनिव्हिजन या प्रसारण कंपनीने तिची संकेतस्थळे विकत घेतली. तीन वर्षांत ती पुन्हा विकली गेली. या वेळी घेणारी ग्रेट हिल पार्टनर्स ही गुंतवणूक कंपनी होती. एका अर्थाने संपादकांचे हात बांधण्याची सुरुवात येथूनच झाली. मुख्य संपादक मेगन ग्रीनवेल यांनी ऑगस्ट २०१९ मध्येच राजीनामा दिला होता आणि निरोपाच्या लेखात त्यांनी एक गोष्ट आकड्यांनिशी मांडली होती: संकेतस्थळाच्या राजकारण व संस्कृतीवरच्या विभागातील लेख मुख्य क्रीडा विभागातील लेखांपेक्षा सरासरी दुपटीहून अधिक वाचले जात. म्हणजे ‘वाचकांना हेच हवे आहे’ हे कारणही व्यवस्थापनाकडे उरले नव्हते. ऑक्टोबरच्या त्या सूचनेच्या सुमारासच एका विमा कंपनीच्या आपोआप सुरू होणाऱ्या, आवाजासह चालणाऱ्या चित्रफितींनी वाचक वैतागले होते. कर्मचाऱ्यांनी त्याबद्दल वाचकांना उद्देशून लिहिलेला मजकूर व्यवस्थापनाने काढून टाकला. विषयाची मर्यादा आणि जाहिरातदाराची मर्जी या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात पुढे याव्यात, हा मला योगायोग वाटत नाही.

आता इकडचे सांगते. तालुका पातळीवरच्या शालेय मैदानी स्पर्धांची बातमी मी एका स्थानिक पोर्टलला दिली होती. लांब उडीच्या खड्ड्याच्या पलीकडे, कुंपणाच्या कोपऱ्यात, दोन मुली ओढणी ताणून धरत होत्या आणि तिच्या आडोशाला तिसरी गणवेश बदलून धावण्याचे कपडे घालत होती. मैदानावर मुलींसाठी खोली नव्हती आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. चारशे मीटरच्या प्राथमिक फेरीत धावलेली एक मुलगी सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. कारण विचारले तेव्हा तिने मान वळवून त्या कुलपाकडे पाहिले. मी निकालांच्या खाली हे चार ओळींत लिहिले. संध्याकाळी पोर्टलवर बातमी आली, तेव्हा निकाल होते, पाहुण्यांची नावे होती, त्या चार ओळी नव्हत्या. विचारणा केल्यावर पोर्टलचालकांचा निरोप आला, “ताई, निकाल आणि फोटो तेवढे ठेवूया. आपण खेळापुरते बोलू, बाकीचे आपल्याला कशाला?” स्पर्धेचे प्रायोजक त्या पोर्टलला वर्षभर जाहिरात देत होते, हे मला नंतर कळले. तहानलेल्या पोटाने धावणाऱ्या मुलीची वेळ किती आली हा जर खेळ असेल, तर ती पाणी का प्यायली नाही हा खेळाबाहेरचा विषय कसा ठरतो, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

ज्या जिल्ह्यात कुस्तीपटू खाशाबा जाधव यांचे गाव गोळेश्वर आहे, त्या जिल्ह्यात तरी हा भेद कोणी करू नये. त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगताना आपल्याकडचा कोणताही माणूस नुसत्या डावपेचांवर थांबत नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे तो आवर्जून सांगतो. त्या प्रवासाचा खर्च ज्यांनी उचलायला हवा होता त्यांनी तो का उचलला नाही, हा प्रश्न त्या पदकापासून वेगळा काढताच येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील यांनी गदा जिंकली आणि रोख बक्षीस मिळाले नसल्याची खंत त्यांनी माध्यमांसमोर बोलून दाखवली. ही बातमी देणाऱ्यांनी कुस्तीची बातमी दिली, की कुस्तीबाहेरची? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले, तेव्हाही ‘हे राजकारण आहे’ असे म्हणून क्रीडा पानाने बाजूला व्हावे, अशी अपेक्षा करणारे होते. महिला मल्लांच्या तक्रारी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध होत्या. त्या क्रीडा पानावर येणार नसतील तर कोठे येतील?

क्रिकेटमध्ये हे अधिक उघडपणे घडले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी भारतातील मालिकेचे समालोचन नाकारले, कारण संघनिवड, मंडळाचा कारभार आणि पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी या विषयांवर बोलायचे नाही, अशी अट होती. चॅपेल यांना ते परवडले. त्यांचे नाव मोठे होते, दुसरीकडे काम होते. आमच्या जिल्ह्यातील बातमीदाराची परिस्थिती तशी नाही, आणि या विषयावर बोलताना नेमका हाच भाग वगळला जातो.

आमच्याकडे बातमीदाराला बहुधा नेमणूकपत्र नसते. मानधन बातमीगणिक ठरते, आणि त्याहून अडचणीचे म्हणजे जाहिरात आणण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात असते. वर्धापनदिनाचा विशेषांक, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, गावची यात्रा, अशा प्रत्येक निमित्ताला त्याने जाहिरात गोळा करायची आणि तिच्या कमिशनवर घर चालवायचे. यात्रेतल्या कुस्ती मैदानाचे भित्तीपत्रक पाहिले तर जोडींच्या नावांच्या वर ज्यांचे फोटो असतात, त्याच मंडळींकडे त्याला पुढच्या महिन्यात पावती पुस्तक घेऊन जायचे असते. नेमलेल्या कुस्त्या ऐनवेळी बदलल्या, ठरलेले इनाम कमी दिले, जखमी पैलवानाला उचलायला रुग्णवाहिका नव्हती, हे त्याला दिसते आणि वस्ताद मंडळी त्याला सांगतातही. पण तो ते लिहीत नाही. संपादक आणि जाहिरात विभाग यांच्यामध्ये भिंत असावी, असे आपण म्हणतो. डेडस्पिनमध्ये ती भिंत होती, म्हणून ती पाडली जात असताना आवाज झाला. येथे दोन्ही कामे एकाच माणसाच्या खांद्यावर असल्यामुळे भिंत उभारायलाच जागा नाही. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रे समोर ठेवून करण्यात आला; मोबाईलवर चालणाऱ्या पोर्टलच्या बातमीदाराची त्यात कोणी कल्पना केली नव्हती.

शिवाय सगळ्यांनी मिळून बाहेर पडायला सगळे एका छताखाली असावे लागतात. गॉकरमधील कर्मचाऱ्यांनी २०१५ मध्येच संघटना बांधली होती, एकमेकांचे पगार आणि अडचणी त्यांना ठाऊक होत्या, म्हणून २०१९ मध्ये एकाला काढल्यावर बाकीचे गप्प बसले नाहीत. आमच्याकडे फलटणचा बातमीदार कऱ्हाडच्या बातमीदाराला ओळखतो तो केवळ व्हॉट्सअॅपवरच्या नावाने. एकाने सोडले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या नावाने बातमी येते.

डेडस्पिनमधून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, हे म्हणूनच मला अधिक महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकत्र येऊन डिफेक्टर सुरू केले. मालकी कर्मचाऱ्यांचीच आहे आणि उत्पन्न मुख्यतः वाचकांच्या वर्गणीतून येते. पहिल्या वर्षात ते सुमारे ३२ लाख डॉलरवर गेले. डेडस्पिन मात्र नवे लोक घेऊन काही काळ चालले, मार्च २०२४ मध्ये माल्टातील एका कंपनीला विकले गेले आणि तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही नव्या मालकाने घेतले नाही. साखर कारखाना आणि दूध संघ सहकारातून उभे करणाऱ्या आमच्या भागाला सभासदांच्या मालकीची कल्पना नवी नाही. त्या संस्थांचे पुढे काय होते, निवडणुका कशा लढवल्या जातात, हेही आम्ही पाहिले आहे, त्यामुळे मालकी वाटली की सगळे सुरळीत होते, असा माझा भाबडा समज नाही. तरीही ज्याच्या वर्गणीवर बातमी निघते तो वाचक असेल, तर कुलूपबंद स्वच्छतागृहाच्या चार ओळी कापण्याचे कारण उरत नाही, एवढे मला पटते.

सातारा, कऱ्हाड आणि फलटणमधील आम्ही काही जण सध्या एका साध्या नियमावर बोलत आहोत. ज्या स्पर्धेची बातमी द्यायची, त्या स्पर्धेच्या आयोजकांकडून बातमीदाराने जाहिरात आणायची नाही. आणि अशा कारणाने एकाचा मजकूर कापला गेला, तर त्या स्पर्धेची बातमी बाकीच्यांपैकी कोणी त्या पोर्टलला द्यायची नाही. माझी नोकरी वेगळी असल्यामुळे मला हा नियम पाळणे सोपे आहे. आमच्यातील एकाचे घर मात्र यात्रांच्या हंगामातील कमिशनवरच चालते. त्याची तेवढी रक्कम बाकीच्यांनी मिळून भरून द्यावी, अशी सूचना मी मांडली आहे. ती त्याने अजून स्वीकारलेली नाही, आणि तो तयार होईपर्यंत नियम लागू करू नये, असे आम्हा सर्वांचे मत पडले.