केबिनमधली बाज

गणपतीला बारा दिवस उरले असताना साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यावर एक कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय केलेली गाडी, आली. ट्रॅव्हलर व्हॅनच्या बॉडीवर बनवलेली. मागे नवरा-बायकोचा पलंग, मधल्या डायनेटचं, म्हणजे बसून जेवायच्या जागेचं, टेबल खाली पाडलं की आजी आणि मोठी मुलगी झोपतील एवढी जागा, आणि नऊ वर्षांच्या धाकट्यासाठी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सीटच्या वर, काचेला समांतर असा आडवा कापडी बंक. दोन पाइप, त्यांच्यामध्ये ताणलेलं कॅनव्हास. दुसरीकडून करून घेतलेला हा बंक पहिल्याच रात्री खाली आला होता. मुलगा सीटवर पडला, लागलं नाही. पाइप आणि कापड मालकांनी गोणपाटात गुंडाळून आणलं होतं.

"पोरगा जेमतेम तीस किलोचा आहे हो," ते म्हणाले, "आणि बसवणाऱ्याने शंभर किलो पेलेल म्हणून सांगितलं होतं."

असं काही मोडून आलं की मी आधी फक्त बघतो, पाना नंतर हातात घेतो. दोन्ही पाइप २५ मिमीचे, पातळ ॲल्युमिनियमचे, पडद्याच्या रॉडच्या जातीचे. वाकले होते हे उघडच होतं, पण कुठल्या दिशेला? पाइपला एका टोकाला बसवणाऱ्याने वरची बाजू कळावी म्हणून मार्करने खूण केली होती. ती खूण वर धरली तर बाक खालच्या अंगाला नव्हता, कडेला होता. दोन्ही पाइप धनुष्यासारखे एकमेकांकडे झुकलेले. मग गाडीत जाऊन भोकं पाहिली. हुक चार-चार सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूंवर मारले होते, तेही बॉडीच्या, छत पेलणाऱ्या खांबाच्या आतल्या पातळ पत्र्यात. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा हुक स्क्रूंसकट उपटून आला होता. तिथली भोकं लांबट झाली होती, आणि ती लांबली होती मागच्या दिशेला, खाली नाही. एवढं दिसल्यावर निम्मं काम झालं.

बंक मुलाच्या वजनाने पडला असं सगळे म्हणत होते. वजनाने पडला असता तर पाइप खाली वाकला असता आणि भोकं खाली फाटली असती. बंक पडला तो ताणाने. चाळीच्या गॅलरीत कपड्यांची दोरी बांधलेल्या कुणालाही हे माहीत असतं: दोरी सैल असेल तर ओला टॉवेल टाकला तरी खिळा जागचा हलत नाही, आणि तीच दोरी तारेसारखी ताणून बांधली की रुमालानेही खिळा उपटतो.

हिशोब सोपा आहे. झोळ म्हणजे कापड मध्ये जेवढं खाली लोंबतं ते अंतर. कापडाची रुंदी भागिले झोळाची चौपट. येणारा आकडा सांगतो की पाइपवर खाली जाणाऱ्या भाराच्या किती पट ओढ आडवी लागणार. इथे कापड ६०० मिमी रुंद. जुन्या कापडावरचा झोळ मालकांनी हाताने दाखवला, दोन बोटं, म्हणजे २५ मिमीच्या आसपास. "छान टाइट केलं होतं," असं ते कौतुकाने म्हणाले. ६०० भागिले १००, म्हणजे सहा पट. तीस किलोचं पोर, दोन पाइपांवर १५-१५ किलो, आणि आडवी ओढ प्रत्येक पाइपवर ९० किलो. दीड मीटर लांब पातळ पाइपला ती मधोमध आत खेचते. त्यात पोर कूस बदलतं, उठून बसतं, म्हणजे झटका आणखी वेगळा. पत्र्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा धरलेला असतो, तोही कोकणच्या रस्त्यावर हादरून हादरून सैल झालेला.

मालकांचा आग्रह होता की हुक जाड लावा, नट-बोल्ट मारा, पण जागा तीच ठेवा. खांब फोडून आत प्लेट टाकली तर तेही जमलं असतं. पण समोरच्या खांबातून वायरिंग जातं, आणि ज्या गाड्यांत कर्टन एअरबॅग (खिडकीवरून पडद्यासारखी उघडणारी) असते तिथे त्या पट्ट्यात ड्रिल लावायचंच नसतं. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडीच्या नोंदणीतले तपशील बदलतील असे फेरफार चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. बेल्ट असलेल्या सीटची संख्या आम्ही बदलत नाही आणि बॉडीचे खांब फोडत नाही. बंक निघून पिशवीत जाणारा हवा, आणि तो फक्त गाडी उभी असताना लावायचा. गाडी चालू असताना त्यावर कुणीही झोपायचं नाही.

रूफ टेंटचाही, म्हणजे टपावर लावायच्या तंबूचाही, विषय निघाला. गाडी आधीच अडीच मीटरच्या वर, त्यावर टेंट, आणि सोसायटीच्या गेटला कमान. तो विषय तिथेच संपला.

उत्तर गावाकडच्या बाजेत आहे. बाजेच्या दोन लांब लाकडांना टोकांना दोन आडवी लाकडं जोडलेली असतात. सुतळी कितीही कचकचून विणा, ओढ चौकटीतच जिरते, पायांवर येतं ते फक्त माणसाचं वजन. केबिनमधल्या बंकला नेमकी ती आडवी लाकडं नव्हती, म्हणून आडवी ओढ सगळी गाडीच्या पत्र्यावर गेली. चौकट पूर्ण केली की चार कोपऱ्यांवर तीस किलोचे चार भाग, साडेसात-साडेसात किलो, आणि तेही सरळ खाली. एवढ्यासाठी खांब फोडायची गरज नाही.

गुलालवाडीच्या धातूबाजारातून ३८ मिमीचा, ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पाइप आणला. बारा फुटी एका नगात दीड-दीड मीटरचे दोन तुकडे निघतात. वजन मीटरला ९०० ग्रॅमच्या आत, म्हणजे दोन्ही मिळून पावणेतीन किलोच्या आत. जुन्या २५ मिमीच्या पाइपची टोकं सरळ होती, त्यांतून ६०० मिमीच्या दोन आडव्या दांड्या कापल्या. आडव्या दांडीला फक्त दाब सोसायचा असतो, आणि एवढ्या आखूड लांबीत पातळ पाइपही तो सहज सोसतो. मालकांना भंगारातला पाइप परत लावतोय म्हणून जरा खटकलं, पण जाड पाइप तिथे लावून नुसतं वजन वाढलं असतं.

कोपरे वेल्ड करायचे नाहीत, हे आमच्या वेल्डरला दरवेळी बजावावं लागतं. उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या आजूबाजूला नरम पडतं, आणि पाइप तिथेच वाकतो. कोपऱ्यात दांडीच्या टोकाला अर्धगोल खाच, ती मोठ्या पाइपला चिकटून बसते, आणि आरपार एक एम८, म्हणजे ८ मिमीचा, बोल्ट विंग नटसह (हातानेच फिरवायचा नट). भोक पाइपच्या अगदी टोकाजवळ पाडलं, कारण वाकवणारा जोर मधोमध जास्त आणि टोकाला नाहीसा. मध्ये भोक पाडाल तर पाइप पहिला तिथूनच वाकेल. बोल्ट एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे, आणि बोल्ट व ॲल्युमिनियम यांच्यात नायलॉनचा वॉशर. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू नुसते टेकवून ठेवले तर दुसऱ्या पावसाळ्यात पांढरी भुकटी आणि अडकलेला बोल्ट हाती येतो.

चार कोपरे ठेवायला यू आकाराचे कप, वरून उघडे, आतून रबर, वर सेफ्टी पिन. पुढचे दोन कप खांबावरच्या पकडायच्या हँडलच्या मूळ एम६ आट्यांवर बसले, नवीन भोक एकही नाही. मागचे दोन, सीटमागच्या खांबाच्या दुपदरी भागावर. बेल्टच्या वरच्या बोल्टला हात लावला नाही, त्याच्यापासून चार बोटं लांब. तिथे एम८ चे रिव्हनट, म्हणजे पत्र्यात एकाच बाजूने ओढून बसवायचे नट, टाकले. त्याला ११ मिमीचं भोक लागतं. ड्रिलच्या बिटला कॉलर लावली, म्हणजे बिट पत्र्यातून गेल्यावर आत घुसणार नाही. भोकाची कड घासून झिंक प्रायमर लावला आणि तो सुकल्यावरच रिव्हनट ओढला. ही शेवटची पायरी घाईत राहून जाते, आणि वर्षभराने त्याच जागेवरून गंजाचा ओघळ येतो.

कापड बदलावंच लागलं. कॉटन कॅनव्हास ओलं झालं की आक्रसतं, वाळलं की सैल पडतं, म्हणजे झोळ रोज वेगळा. ६५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ६५० ग्रॅमचं, कोटेड टारपोलिन घेतलं. पाइप जायची नळी वेगळी शिवून जोडायची नाही. कापड वळवून ५० मिमी मागे घ्यायचं आणि दोन ओळी टाके, इंचाला सात-आठ. टाके दाट घातले की मजबूत होतं असं टारपोलिनवाल्याला वाटतं. प्रत्यक्षात दाट भोकांची ओळ पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. झोळ ७५ मिमीचा धरला. म्हणजे आडवी ओढ भाराच्या सहा पटीवरून दुपटीवर आली, तीस किलोच्या पोराला प्रत्येक पाइपवर तीसच किलो. वर ५० मिमीचा फोम, ४० डेन्सिटीचा, म्हणजे पाठ झोळात रुतत नाही. छत आणि गादी यांच्यात ५५० मिमी राहिले. कूस बदलायला पुरे, बसायला नाही, आणि मुलांना वर बसून दंगा करता येत नाही हे बरंच आहे. मागच्या कडेला गादीच्या वर २०० मिमीची जाळी.

शनिवारी रात्री सिमेंटच्या दोन गोण्या, म्हणजे १०० किलो, गादीवर आडव्या पसरून ठेवल्या. सकाळी पाइप मध्ये १२-१३ मिमी आत आलेले, गोण्या काढल्यावर पुन्हा सरळ. कप जागचे हलले नाहीत. स्टिअरिंग आणि झोळ यांच्यात भार असतानाही चार बोटं शिल्लक. मी खूश.

रविवारी सगळं कुटुंब आलं. मुलाला वर चढवलं, दहा मिनिटं पडू दिलं, मग गाळ्याचे दिवे मुद्दाम बंद केले आणि सांगितलं, "आता तुला शू लागलीय, खाली ये." माप घेताना हे कुणी करत नाही. अंधारात पोराने पाय पुढच्या बाजूने सोडला. पहिला पाय स्टिअरिंगवर, हॉर्न. गल्लीतली दोन कुत्री उठली. दुसरा पाय चाचपडत गिअरच्या दांड्यावर, आणि टक् असा आवाज. दिवे लावून पाहिलं, पहिल्यात ठेवलेली गाडी न्यूट्रलला आली होती. हँडब्रेक होता आणि जमीन सपाट होती, म्हणून काही झालं नाही. हीच गाडी आंबोलीसारख्या उतारावर उभी असती तर, असं आई पुटपुटली आणि आजींनी तिचा हात धरला.

शंभर किलोची चाचणी पास झालेला बंक इथे नापास झाला. पुढची बाजू पूर्ण जाळीने बंद केली. उतरायची वाट मागून, डायनेटच्या बाकाच्या खोक्यावर १८ मिमी प्लायची पायरी. त्यातही पहिली पायरी ४५० मिमी खाली केली तर मुलाचा पाय लोंबकळत राहिला. ३०० वर आणली तेव्हा न बघता पाय टेकला. जाळी मागच्या बाजूला एकाच कोपऱ्यात उघडते, पायरीच्या बरोबर वर. पायरीला रेडियमची पट्टी. आणि लाकडाचे दोन उटे, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली लावायच्या पाचरी, मुक्कामाला सपाट जमीन असली तरी. यादीत ही शेवटची बाब होती, पण बंक लावायच्या आधी उटे लागलेच पाहिजेत, असं मी मालकांना लिहूनच दिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पाच माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून लिटरभर पाणी हवेत सोडतात. ते सगळ्यात आधी समोरच्या थंड काचेवर धरतं, आणि बंकची गादी काचेला टेकली असेल तर ते फोम शोषून घेतो. महाबळेश्वरला थंडीत तर ओघळच येतात. म्हणून पुढचा पाइप काचेपासून १०० मिमी मागे ठेवला, वरच्या छपराच्या व्हेंटला मंद पंखा आणि खालची एक खिडकी बोटभर उघडी. पावसाळ्यात सकाळी गादी उलटी करून ठेवायची, नाहीतर चार दिवसांत वास.

डायनेटचा पलंग आजींसाठी फक्त एका ठिकाणी बदलला. गादीसकट उंची ३९० मिमी होती, उठताना गुडघ्यावर जोर यायचा. खाली पट्ट्या टाकून ४६० केली. आजी बसल्या, पाय टेकले, उठल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता ठीक." बाकी त्यांनी काही बोललं नाही.

मुलगा सध्या १३४ सेंटिमीटर. बंकची झोपायची लांबी गादी धरून १४८. आडव्या दांडीच्या आतल्या बाजूला मार्करने '१४५' लिहून दिलं आहे. तेवढी उंची झाली की हा बंक बॅगा ठेवायला वापरायचा.