इशारे : निरंक

२ जून २०२०. दुपारी एकच्या सुमारास जहाजाचा नून रिपोर्ट आला. नून रिपोर्ट म्हणजे जहाजाने रोज दुपारी बाराला किनाऱ्यावरच्या ऑफिसात लावायची हजेरी. कुठे आहोत, वेग किती, तेल किती उरलं, वारा कुठून, लाटा कशा. माझ्या टेबलावर असे पाच जहाजांचे रिपोर्ट यायचे. टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन, झाकण लावलेलं. लॉकडाऊन लागल्यापासून मुंबईचं ऑफिस बंद होतं आणि मी पंचवटीतल्या घरी, माडीवर, पत्र्याखाली बसून अरबी समुद्रातली जहाजं सांभाळत होतो. बारा वर्षं बोटीवर काढली, सेकंड मेटपर्यंत (कॅप्टननंतरचा दुसरा अधिकारी) पोचलो, मग मधुमेह निघाला आणि मेडिकलवाल्या डॉक्टरांनी कायमचं किनाऱ्याला लावलं.

त्या रिपोर्टात खालून तिसरी ओळ होती : नॅव्हटेक्स वॉर्निंग्ज – निल. सरकारी मराठीत सांगायचं तर इशारे निरंक.

मी चहा खाली ठेवला. कारण खालच्या मजल्यावर वडिलांचा टीव्ही सकाळपासून ओरडत होता. आदल्या दिवशी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे वादळाची पहिली पायरी, तयार झालं होतं (आईने विचारलंही होतं, ‘कोणाला आलं रे डिप्रेशन?’ आणि त्या दिवसांत तो प्रश्न काही वावगा नव्हता). पहाटे त्याचं डीप डिप्रेशन झालं, आणि दुपारपर्यंत वाऱ्याने ३४ नॉटची (तासाला सुमारे ६३ किलोमीटरची) हद्द ओलांडल्यावर त्याला नाव मिळालं, निसर्ग. हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या वादळांसाठी तेरा देशांनी मिळून केलेली नवी यादी त्याच एप्रिलात जाहीर झाली होती, त्यातलं हे पहिलंच नाव, बांगलादेशाने सुचवलेलं. हवामान खातं सांगत होतं की हरिहरेश्वर ते दमणच्या मधे, अलिबागजवळ, उद्या दुपारी किनाऱ्याला लागेल. अख्ख्या महाराष्ट्राला हे ठाऊक होतं. आणि पहाटे चारला सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघून डहाणूसमोर पोचलेलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडच्या वाटेवर असलेलं, म्हणजे सरळ त्या वादळाच्या अंगावर चाललेलं एक छोटं मालवाहू जहाज म्हणत होतं, इशारे निरंक.

नॅव्हटेक्स काय ते सांगायला हवं. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, एक डबा असतो, त्यात कागदाची गुंडाळी. नव्या जहाजांवर कागदाऐवजी पडदा. ५१८ किलोहर्ट्झवर किनाऱ्यावरची केंद्रं पाळीपाळीने मजकूर सोडतात आणि डबा तो आपोआप छापतो. साधारण अडीचशे ते चारशे सागरी मैलांपर्यंत पोचतो. प्रत्येक केंद्राला एक इंग्रजी अक्षर आणि दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी. मुंबईचं अक्षर ‘जी’. ‘ए’ला शून्य वाजता सुरुवात, त्यामुळे ‘जी’ एक वाजता. हे जागतिक वेळेने. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, मग साडेदहा, दुपारी अडीच, असं. रेडिओ ऑफिसर नावाचा माणूस, जो कानाला हेडफोन लावून मोर्स टिपून घ्यायचा, त्याची नोकरी १९९९पर्यंत अशा डब्यांनी खाल्ली. डबा झोपत नाही, त्याला सुट्टी लागत नाही. संदेशांचे प्रकारही अक्षरांनीच ओळखायचे. ‘बी’ म्हणजे हवामानाचा धोका, आणि हा प्रकार बंद करायची सोयच डब्यात ठेवलेली नाही. कोणी म्हटलं मला नको, तरी छापणार.

म्हणजे साडेदहाला वादळाचा इशारा छापला जायलाच हवा होता. नव्हता.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तो वादळामुळे नव्हे. मी मागचे दोन रिपोर्ट उघडले. १ जून, निल. ३१ मे, निल. दोन्ही मीच वाचले होते, मीच ‘नोटेड’ म्हणून उत्तर पाठवलं होतं. तेल जास्त जळलं की मी लगेच विचारतो. कोऱ्या कागदाबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता.

जहाजावर फोन लावला, उपग्रहाचा. कॅप्टन गुहागरकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी पूर्वी त्यांच्या हाताखाली एक करार केला होता.

“बोला नाशिककर. गंगापूर धरणात वारा किती आहे आज?”

“कॅप्टनसाहेब, नॅव्हटेक्सवर काय आलंय?”

“काही नाही आलं. मशीन चालू आहे, कागद भरलाय, सेल्फ टेस्ट पास. गप्प आहे बिचारं.”

“स्टेशन कोणकोणती लावलीत?”

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर. मग त्यांनी सेकंड मेटला हाक मारली. मेनू उघडल्याचे टिकटिक आवाज मला नाशकात ऐकू आले. जहाज गेले सात महिने पूर्व किनाऱ्यावर होतं. तिथे कोणीतरी चेन्नईचं ‘पी’ आणि आजूबाजूची चार अक्षरं ठेवून बाकीची काढून टाकली होती, रात्री-बेरात्री उगाच लांबच्या केंद्रांचे तुटके कागद छापले जातात म्हणून. धोक्याचा संदेश बंद करता येत नाही हे खरं, पण तो कुठल्या केंद्राकडून ऐकायचा हे मात्र निवडता येतं. ‘जी’ निवडलेलंच नव्हतं. डबा ठणठणीत होता, फक्त मुंबईशी त्याचं बोलणं बंद होतं.

“आणि उपग्रहाचा मेसेज? तो तर जहाज कुठे आहे त्यावरून आपोआप येतो.”

तो आला होता. पहाटेच. सेकंड मेटने छापून, सही करून, वेळ टाकून क्लिपबोर्डला लावला होता आणि त्यावर जयगड बंदराचे कागद आले होते. पोराचा दोष मी फार धरणार नाही. त्या संदेशात जागा असते अक्षांश-रेखांशात, वेळ जागतिक, वारा नॉटमध्ये, दाब हेक्टोपास्कलमध्ये, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एका दमात. त्याला तो मजकूर समजला होता, पण तो आपल्याबद्दल आहे हे समजलं नव्हतं. कॅप्टन पहाटेपासून रडारला चिकटलेले, कारण त्या पट्ट्यात मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात.

मी त्यांना आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दोन ओळींतच थांबलो. मला आमचा दुतोंड्या मारुती आठवला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. गोदाघाटावर दोन तोंडांचा उंच मारुती आहे. पावसाळ्यात धरणातून इतके इतके क्युसेक विसर्ग सुरू झाल्याचं प्रशासन कळवतं, आणि ते बरोबरच आहे. पण भांडी बाजारात आमच्या वडिलांचं दुकान होतं तेव्हा कोणी कधी क्युसेक विचारले नाहीत. विचारायचे, ‘मारुतीला किती?’ गुडघ्याला असेल तर दुकान चालू. कमरेला आलं की खालच्या फळीवरची पातेली वर. छातीला आलं की शटर. २०१९च्या ऑगस्टात मारुती बुडाला तेव्हा आकडा काय होता हे वडिलांना आजही सांगता येणार नाही, पण तेव्हा कोणतं पातेलं कुठे होतं ते सांगतील.

म्हणून मी म्हटलं, “कॅप्टनसाहेब, आकडे राहू देत. उद्या दुपारी हे श्रीवर्धन-दिवेआगर ते अलिबाग एवढ्या पट्ट्यात घुसणार. तुम्ही आता डहाणूला. आठ नॉटने चालत राहिलात तर आज रात्री मुंबईसमोर, आणि उद्या सकाळी ते दारात उभं असताना तुम्ही दाभोळसमोर. उजव्या अंगाला.”

उजवं अंग म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेला चाललं असेल त्याच्या उजवीकडची बाजू वाईट. तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो. इथे तर ते ईशान्येकडे वळत होतं, म्हणजे वारा जहाजाला किनाऱ्याकडे रेटणार.

ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “दाभोळ म्हणालास ना? मग ऐक. सकाळपासून मला पारा पटत नव्हता.”

जुने लोक अजून बॅरोमीटरला पाराच म्हणतात. आपल्या भागात हवेचा दाब रोज घड्याळासारखा चढतो-उतरतो. सकाळी दहाला आणि रात्री दहाला वर, पहाटे चारला आणि दुपारी चारला खाली. त्या सकाळी तो दहाला चढायला हवा तेवढा चढलाच नव्हता. नेहमीपेक्षा तीन मिलिबारने कमी दिसला तर संशय घ्या, पाचने कमी दिसला तर वादळ जवळ आहे असं धरा, हे आम्हाला पहिल्या वर्षी घोकायला लावतात. त्यांचा तीनच्या आसपास होता. जे डब्याने सांगितलं नाही ते भिंतीवरची तबकडी सांगत होती; फक्त तिचं म्हणणं छापून येत नाही.

दोन वाजायच्या आत जहाज वळलं. जयगडला माल वेळेत द्यायचा होता, त्यामुळे पुढचा तासभर मी फोनवर मुंबईतल्या लोकांशी भांडलो. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही.

परतीच्या वाटेवर कॅप्टनना मासेमारीच्या दोन होड्या दिसल्या. त्यांनी रेडिओच्या चॅनल १६वर हाक घातली, उत्तर नाही. मग वेग कमी करून, भोंगा वाजवून, लाउडहेलरवरून मराठीत ओरडून सांगितलं की वादळ येतंय, घरी जा. होडीवरचा एक जण हात हलवत ओरडला, “माहीत हाय! सकाळीच इमान फिरून गेलं!” तटरक्षक दलाचं विमान. ते इशारा द्यायला खाली येऊन घिरट्या घालतं. लाखो रुपयांची यंत्रं असलेल्या जहाजाच्या आधी त्या होडीला बातमी होती. कॅप्टनने मला हे रात्री सांगितलं आणि स्वतःच खूप हसले. मला मात्र २०१७ सालचं ओखी आठवत होतं. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार तेव्हा आठवडा-आठवडा खोल समुद्रात गेलेले होते. किनाऱ्यावर इशारा दिला गेला, त्यांच्यापर्यंत तो पोचवायची सोयच नव्हती, आणि कितीतरी जण परतलेच नाहीत. उपग्रहावरून थेट छोट्या होडीपर्यंत संदेश नेणाऱ्या उपकरणांना जोर आला तो त्यानंतर.

रात्री दहाच्या सुमारास जहाज हजिऱ्याबाहेर नांगरावर. साडेदहाला ‘जी’ची पाळी होती. कॅप्टनने फोन चालू ठेवून मला डब्याचा आवाज ऐकवला. कागद बाहेर येताना तो बारीक किरकिरतो. मी तो आवाज चार वर्षांनी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्यावर बसरा स्टार नावाचं एक जहाज येऊन आपटलं, त्याची दृश्यं टीव्हीवर दिसायला लागली. वडील म्हणाले, “तीन नंबरचा बावटा म्हणत होते, तरी कसं?” त्यांना वाटत होतं बंदरात खरोखरच कापडाचा बावटा लावतात. मी सांगितलं की दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराची चिन्हं चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे, आणि एक ते अकरा नंबर असतात. शेवटचा म्हणजे हवामान कार्यालयाशी संपर्कच तुटला. वडिलांना हा अकरावा फार आवडला. “म्हणजे काही कळत नाही, हे पण कळवतात?”

संध्याकाळपासून नाशकातही पाऊस वाढला. मी समुद्रावर नजर ठेवून इतका बसलो होतो की किनाऱ्यावर चढलेलं वादळ पुढे कुठे जाणार हा विचारच केला नाही. नकाशात समुद्र संपला की माझं काम संपतं. रात्री वीज गेली, वायफाय गेलं, लॅपटॉपची बॅटरी बोलायला लागली. जहाजाची काळजी नव्हती, पण कळवायचं कसं, या विचारात असताना मोबाइल वाजला. हजिऱ्याहून.

“नाशिककर, बुलेटिन आलंय आत्ता. ईशान्येला सरकतंय, उत्तर मध्य महाराष्ट्र. म्हणजे तुम्ही. माडीवर पत्रा आहे ना तुमच्या? बांधला का?”

नव्हता बांधला. वडील, मी आणि शेजारचा मुलगा, आम्ही टॉर्च तोंडात धरून सुतळीने आणि नायलॉनच्या दोरीने पत्रा कठड्याला आवळला. दोरीला मी नकळत जहाजावरची गाठ मारली. ती सोडवायची कशी हे सकाळी वडिलांना कळेना, त्यांनी विळीने कापली. टाकीचं झाकण तेवढं उडालं, ते शेजारच्या गल्लीत सापडलं.

४ जूनला दुपारी नून रिपोर्ट आला. खालून तिसरी ओळ भरून वाहत होती. जी, बी, क्रमांक, वेळ, पुन्हा जी, बी. सेकंड मेटने प्रत्येक इशाऱ्यासमोर जवळच्या गावाचं नाव लिहिलं होतं. शेवटच्या ओळीसमोर त्याने लिहिलं होतं : नाशिक, साहेबांचं घर.

मी उत्तर पाठवलं. ‘नोटेड’ लिहिलं, खोडलं, आणि विचारलं की ‘जी’च्या जोडीला वेरावळ आणि वेंगुर्ल्याची अक्षरं लावली आहेत का.