वेण्या कोण घालतं?

लॉस एंजेलिसमधील एका संस्थेत मी सोशल वर्कर आहे. कॅलिफोर्नियात २०१२ पासून टप्प्याटप्प्याने फॉस्टर केअरची, म्हणजे आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलांच्या सरकारी देखभालीची मुदत अठराऐवजी एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवली गेली. पण एकवीस वर्षे पूर्ण झाली की न्यायालयाचा संबंध संपतो आणि घरभाड्याला मिळणारी मदतही थांबते. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत त्या व्यक्तीबरोबर बसून पुढचा आराखडा आखणे कायद्याने बंधनकारक आहे. अशाच एका बैठकीला मी आणि माझ्या वरिष्ठ सहकारी होतो. त्यांना आम्ही बाई म्हणतो. त्या कृष्णवर्णीय, समोरची मुलगीही कृष्णवर्णीय.

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, वैद्यकीय नोंदी, ओळखपत्र हे सारे व्यवस्थित होते आणि सरकारी आरोग्यविमाही सव्विसाव्या वर्षापर्यंत चालणार होता. घोळ निघाला तो क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज आणि थकबाकीच्या नोंदीत. ती नऊ वर्षांची असताना तिच्या नावावर कोणीतरी विजेचे कनेक्शन घेतले होते आणि अलीकडच्या काही वर्षांत त्याचे बिल थकले होते. अशी नोंद असली की घरमालक दारात उभे करत नाहीत. हे कोणी केले असावे याचा तिला अंदाज होता, मात्र घरातल्या माणसावर तक्रार करायला ती तयार नव्हती. “नाव सांगूच नकोस,” बाई म्हणाल्या, “तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, एवढंच आपल्याला दाखवायचंय.” जन्मदाखल्याची प्रत जोडून हरकतीचा अर्ज आम्ही तिथेच भरला.

पुढचा रकाना होता, आजारपणात स्वतःला बोलता आले नाही तर तुझ्या वतीने निर्णय कोण घेईल. “कोणी नाही.” माझ्या हातून तिथे रेघच मारली गेली असती. बाईंनी मात्र तिच्या डोक्याकडे पाहून विचारले, “या वेण्या कोण घालतं?”

मुलगी पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलू लागली. लहानपणी ती ज्या गोऱ्या कुटुंबात होती तिथे तिच्या केसांचे काय करायचे हे कोणालाच उमगत नसे. जटा झाल्या आणि शेवटी कात्री लावावी लागली. तेव्हापासून लॉस एंजेलिसलगतच्या इंगलवूडमधली एक बाई तिचे केस विंचरते. सहा-सात तास मांडी घालून बसावे लागते, मध्ये जेवण होते, पैसे निम्मेच घेतले जातात. त्या रकान्यात नाव घालू का, असे विचारायला फोन लावला तेव्हा त्या बाईने आधी कागद दाखवा म्हणून बजावले आणि मग होकार दिला. भाड्याच्या करारावर जामीन राहायला मात्र तिने साफ नकार दिला, जे मला रास्तच वाटले.

मुंबईच्या अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा वर्षांनंतर बालगृहातून बाहेर पडलेल्यांच्या निवासात, काम केलेले असूनही हा प्रश्न मला सुचला नसता. आमच्या कार्यालयाने त्यातून भलताच निष्कर्ष काढला आहे: कृष्णवर्णीय मुलीची फाइल आली की ती विचार न करता बाईंच्या टेबलावर जाते, आणि संध्याकाळी उशिरा येणारे त्या मुलींचे फोन कोणाच्याही कामाच्या तासांत धरले जात नाहीत. बाईंनी याविषयी लेखी विचारणा केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.