कुणी धरून ठेवलंय?

प्रोग्रॅम मेमरीत फुगायला लागला की बहुतेक जण आधी आकार बघतात. काय मोठं आहे, किती जीबी खातंय, कुठली फाइल लोड केली होती. हे साहजिक आहे, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. मोठी वस्तू कोणती हे आधीपासूनच माहीत असतं, ती आपणच हौसेने लोड केलेली असते. घोडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर. तिचं काम संपलंय, मग ती गेली का नाही? कुणी धरून ठेवलंय तिला?

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या नोटबुकमधला, म्हणजे कोड तुकड्यातुकड्याने 'सेल'मध्ये लिहून चालवायच्या वहीतला, नेहमीचा प्रसंग घ्या. एक भलीमोठी सीएसव्ही फाइल वाचलेली असते, तिचा डेटाफ्रेम, म्हणजे मेमरीतला तक्ता, झालेला असतो आणि जगभर ठेवतात तसं त्याचं नाव 'डीएफ' ठेवलेलं असतं. काम झालं की 'डेल डीएफ' लिहायचं, त्याखाली मनाच्या समाधानासाठी 'जीसी डॉट कलेक्ट' (कचरा गोळा कर), आणि सेल चालवायला शिफ्ट-एंटर. मेमरीचा आकडा ढिम्म हलत नाही. आमच्या टीममधली एक नवी मुलगी असंच लॅपटॉप घेऊन आली होती.

"सर, डिलीट केलंय, तरी जात नाहीये."

"अगं, तू नाव पुसलंस. वस्तू आहे तिथेच आहे."

"पण नावच नाही तर ती कुणाची?"

प्रश्न चोख होता. मी तिला वर स्क्रोल करायला सांगितलं. वरच्या एका सेलच्या शेवटी, तक्ता नजरेखालून घालायला म्हणून, नुसतं 'डीएफ' लिहिलेलं होतं. सगळेच लिहितात. नोटबुकच्या पोटात कोड चालवणारा आयपायथॉन असतो आणि सेलमधून बाहेर आलेलं प्रत्येक उत्तर तो 'आउट' नावाच्या डिक्शनरीत, म्हणजे नोंदवहीत, क्रमांक घालून ठेवतो. समासात 'आउट' आणि चौकटी कंसातला आकडा दिसतो, तो त्या डिक्शनरीतला पत्ता असतो. शिवाय एक अंडरस्कोर म्हणजे शेवटचं उत्तर, दोन म्हणजे त्याआधीचं, तीन म्हणजे त्याच्याही आधीचं. 'डेल' लिहून यातला एकच हात सुटला. बाकीचे सोडवायचे तर 'परसेंट एक्सडेल' किंवा 'परसेंट रीसेट आउट' अशा वेगळ्या कमांड आहेत. त्या आहेत हे लोकांना कर्नल, म्हणजे नोटबुकमागचा चालू पायथॉन, रिस्टार्ट करून करून कंटाळल्यावर कळतं.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायला सोपं जातं. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, निरंक दाखला कपाटातल्या फायलीत असतो, पण सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात बोजा तसाच बसलेला. फेरफार होऊन ती ओळ जात नाही तोवर सरकारदरबारी कर्ज आहे म्हणजे आहे. प्रोग्रॅमचंही तसंच चालतं. वस्तू अजून कुणाला हवी आहे का, हे त्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. तिच्याकडे बोट दाखवणारी एखादी नोंद शिल्लक आहे का, एवढंच तो तपासतो.

हे तपासायच्या मुख्य पद्धती दोन, आणि दोन्ही एकाच वर्षातल्या, १९६० च्या. जॉन मॅकार्थींचा लिस्प या भाषेवरचा निबंध त्या एप्रिलमध्ये छापून आला. त्यातली पद्धत अशी की जिवंत असल्याची खात्री आहे तिथून निघायचं, हाती लागेल त्यावर खूण करत जायचं आणि बिनखुणेचं सगळं मोकळं करायचं. डिसेंबरमध्ये त्याच नियतकालिकात जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट दाखवली. प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवायचा, आपल्याला किती जणांनी धरलंय त्याचा, आणि तो शून्यावर आला की वस्तू गेली. पायथॉन मुख्यतः या दुसऱ्या पद्धतीवर चालतो. ती पद्धत मला आवडते, कारण शेवटचा हात सुटला की वस्तू तिथल्या तिथे जाते, झाडूवाल्याची वाट बघावी लागत नाही. तिची खोडही लवकरच, १९६३ साली, मॅकबेथ नावाच्या गृहस्थांनी दाखवून दिली होती. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या तर दोघींचे आकडे कधीच शून्य होत नाहीत. अशा जोड्या आणि टोळकी हुडकून मोकळी करणारा वेगळा 'कलेक्टर' पायथॉनमध्ये २००० साली आला, २.० आवृत्तीबरोबर.

म्हणूनच मीटिंगमध्ये कुणी गंभीर चेहऱ्याने "सर्क्युलर रेफरन्स असेल" म्हणालं की मी मान डोलावतो आणि तिकडे सहसा बघत नाही. मुलाखतीत विचारतात म्हणून सगळ्यांना तेवढं एक पाठ असतं. प्रत्यक्षात धरून बसलेला निघतो तो कुणीतरी बाहेरचा, कामसू, सगळ्यांचा लाडका. कॅशे (एकदा काढलेली उत्तरं पुन्हा लागतील म्हणून ठेवायचा साठा), अनडूची यादी, 'पुढे लागेल' म्हणून ठेवलेला इतिहास. पायथॉनमधला 'एलआरयू कॅशे' घ्या. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की तेच गणित पुन्हा करावं लागत नाही. साध्या फंक्शनवर तो गुणी आहे. क्लासच्या (ऑब्जेक्ट बनवायच्या साच्याच्या) मेथडवर, म्हणजे त्यातल्या फंक्शनवर, लावला तर मात्र ज्या ऑब्जेक्टवर ती मेथड चालली तो 'सेल्फ'ही कॅशेच्या किल्लीत जाऊन बसतो, आणि कॅशे क्लासच्या पातळीवर असल्याने क्लास आहे तोवर राहते. मर्यादा न दिल्यास १२८ नोंदी, म्हणजे काम संपलेले १२८ पर्यंत ऑब्जेक्ट आपापल्या बाडबिस्तऱ्यासह मुक्कामाला. 'मॅक्ससाइझ नन', म्हणजे मर्यादाच नको, असं लिहिलं असेल तर मोजायचंच सोडा.

लाडक्यांमध्ये सगळ्यात महागात पडतो तो इव्हेंट लिसनर, म्हणजे अमुक घडलं की मला कळवा अशी नोंदणी. याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला २००५ च्या, अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेच्या ग्रँड चॅलेंजमधला आहे. मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची १३२ मैलांची शर्यत. स्टॅनफर्डची 'स्टॅनली' जिंकली. जीव मात्र जडावा असा प्रकार प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांचा होता. 'प्रॉस्पेक्ट इलेव्हन' नावाचा जीएमसीचा पिकअप. इतरांनी टपावर लेझरची रांग लावली, या पोरांनी कॅमेऱ्यांवर भागवलं. प्रोग्रॅम सी-शार्प या भाषेत होता. पुढे दगड किंवा झुडूप दिसलं की त्या अडथळ्याचा एक ऑब्जेक्ट तयार व्हायचा, गाडी पुढे सरकली की तो यादीतून काढला जायचा. काढला जायचा, पण जायचा नाही. प्रत्येक अडथळा एका इव्हेंटला लिसनर म्हणून नोंदवलेला होता आणि यादीतून काढताना ती नोंदणी रद्द होत नव्हती. कलेक्टरने बघितलं, हा दगड इव्हेंटला हवा आहे, राहू दे. मागे टाकलेला प्रत्येक दगड डोक्यात घेऊन गाडी वाळवंटात चालली होती. मेमरी भरत गेली, संगणक मंदावत गेला आणि दहाएक मैलांवर शर्यत संपली. नंतर मेमरी कुठे जाते ते दाखवणारा प्रोफायलर लावला तेव्हा उलगडा झाला. इलाज निघाला एका ओळीचा.

ब्राउझरमध्ये हीच गोष्ट रोज घडते, वाळवंट तेवढं नसतं. पॉपअप उघडला, त्यातल्या आलेखाने खिडकीचा आकार बदलला की मला सांगा म्हणून विंडोवर लिसनर लावला. पॉपअप बंद झाला. लिहिणारा जबाबदार माणूस असेल तर बंद करताना लिसनर काढतोही. पण लावताना त्याने जागच्या जागी एक ॲरो फंक्शन (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिलेलं असतं, आणि काढताना तेच फंक्शन पुन्हा, अक्षर न् अक्षर तसंच. ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी फंक्शनं. काढायला सांगितलेलं त्याच्या यादीत नाही, म्हणून तो गप्प राहतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. फंक्शन आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवून दोन्हीकडे तेच द्यायचं, एवढंच करायचं असतं. या एका गोष्टीवर लिंटरने (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाने) आरडाओरडा करावा असं माझं ठाम मत आहे. नको तिथे स्वल्पविरामावरून तो करतोच.

क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या मेमरी टॅबमध्ये हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा फोटो, घेतला आणि वर 'डिटॅच्ड' असं टाइप केलं की पानावरून काढलेले पण मेमरीत राहिलेले तुकडे दिसतात. एकावर क्लिक केलं की खाली 'रिटेनर्स' उघडतात. याला कुणी धरलंय, त्याला कुणी, त्या कुणाला कुणी, असं मुळापर्यंत. नवखा माणूस इथे घाबरतो, कारण नावं भलतीच असतात: 'कॉन्टेक्स्ट', 'सिस्टिम', 'इंटर्नल ॲरे'. ती सोडून द्यावीत आणि खाली उतरत आपल्या कोडमधलं ओळखीचं नाव दिसेपर्यंत थांबू नये. 'डिस्टन्स'चा, म्हणजे मुळापासूनच्या अंतराचा, आकडा जिथे कमी होत जातो ती वाट धरावी. बाकीच्या वाटा बहुतेक गोल फिरवून तिथेच आणतात.

आता यातली खरी गंमत. शोधणाराही धरणाऱ्यांत सामील होतो. ब्राउझरच्या कन्सोलवर ऑब्जेक्ट छापून बघितला की कन्सोल त्याला धरून ठेवतो, नाहीतर तुम्ही बाजूचा त्रिकोण दाबून तो उलगडणार कसा? लीक, म्हणजे न सुटणारी मेमरी, शोधायला म्हणून ठिकठिकाणी 'कन्सोल डॉट लॉग' पेरलेले असतात आणि मग वस्तू सुटत नाहीत म्हणून आणखी पेरले जातात. पायथॉनमध्ये 'गेट रेफकाउंट'ला वस्तूचा आकडा विचारला तर तो साधारणपणे एकाने जास्त सांगतो. विचारण्यासाठी ती वस्तू त्याच्या हातात द्यावी लागली, तो हात त्याने मोजला. 'गेट रेफरर्स' हे आणखी भारी. या वस्तूला कुणी धरलंय ते सांग म्हटलं की येणाऱ्या यादीत तुमच्याच शोधाची व्हेरिएबल्स ठेवणारी डिक्शनरी असते. त्यातल्या एकाला घेऊन पुन्हा विचारलं तर पहिल्या उत्तराची यादीसुद्धा धरणाऱ्यांत हजर. स्वतःला वगळत वगळत चालावं लागतं. पहिल्यांदा हे करताना डोकं गरगरतं. सवय झाली की आपल्या सावल्या लांबून ओळखू येतात.

आणि एररसुद्धा धरते. ग्राफिक्स कार्डावर मॉडेल चालवणाऱ्यांना हा फास चांगला ठाऊक आहे. 'आउट ऑफ मेमरी' आलं म्हणून बॅच साइझ (एका वेळी द्यायचा डेटा) निम्मी करून सेल पुन्हा चालवला, तरी तेच. अर्धी केली, पाव केली, तरी तेच. पहिल्या एररबरोबर तिचा ट्रेसबॅक, म्हणजे ती कुठून कशी आली याचा माग, आला, ट्रेसबॅकने त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या फंक्शन्सच्या फ्रेम धरल्या, फ्रेमनी त्यांची स्थानिक व्हेरिएबल्स, आणि त्यांतच मॉडेलचे ते अवाढव्य टेन्सर (आकड्यांचे तक्ते) होते. नंतर डीबग करायचं झालं तर हाताशी असावा म्हणून शेवटचा ट्रेसबॅक नोटबुक जपून ठेवतो. मेमरी संपल्याची तक्रारच मेमरी अडवून बसते. यावरचा प्रचलित तोडगा ऐकणाऱ्याला थट्टा वाटतो. नव्या सेलमध्ये एक भागिले शून्य लिहायचं आणि चालवायचं. ताजी, फुटकळ एरर येते, शेवटच्या एररची जागा ती घेते, जुनी सुटते आणि तिच्यामागून टेन्सर. मग कलेक्टर आणि कार्डाची कॅशे रिकामी करायची ओळ. हा उपाय मी ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं.

पायथॉनच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक होता. पायथॉन ३ मध्ये एक्सेप्शन (एररचा ऑब्जेक्ट) आपला ट्रेसबॅक स्वतःबरोबर बाळगू लागला, म्हणून 'एक्सेप्ट'च्या, म्हणजे एरर हाताळायच्या, ब्लॉकमध्ये पकडलेली एरर जिच्यात ठेवली ते व्हेरिएबल ब्लॉक संपताच भाषाच पुसून टाकते. ब्लॉकबाहेर ते वापरायला गेलं की 'असं नाव नाही' म्हणून ऐकून घ्यावं लागतं. नवशिके चिडतात. मला मात्र हा भाषेतला फार समंजस निर्णय वाटतो.

तुकड्यांची जात आणखी वेगळी. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीच्या दोन जीबीच्या ॲरेतून, म्हणजे आकड्यांच्या रांगेतून, पहिले दहा आकडे काढून घेतले तर ते दहा आकडे स्वतंत्र नसतात. ती मूळ ॲरेकडे बघण्याची खिडकी असते आणि 'बेस' या नावाने अख्खा ॲरे तिला बांधलेला असतो. मूळ नाव पुसलं तरी दहा आकड्यांपायी दोन जीबी. 'कॉपी' म्हटलं की सुटका. जावामध्ये 'सबस्ट्रिंग'ही असंच करायचं, चिमूटभर मजकुरासाठी मूळ लांबलचक मजकूर धरून ठेवायचं. २०१२ मध्ये जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून ते बदललं.

वीक रेफरन्स म्हणून एक सोय आहे, हात न लावता नुसती ओळख ठेवण्याची. वस्तू असेपर्यंत दाखवेल, गेली की 'नाही' म्हणेल, तिला अडवणार नाही. कॅशे आणि लिसनर यांच्यासाठीच ती जन्माला आली. पायथॉनमध्ये २००१ पासून आहे आणि अजूनही कोड रिव्ह्यूमध्ये कुणी वापरलेली दिसली की लोक ती कशाला म्हणून विचारतात.

एवढं सगळं माहीत असूनही पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात काय चालतं? रात्री तीनला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लागतो आणि सर्व्हिस रिस्टार्ट होते. तत्त्वनिष्ठ मंडळी याला नाकं मुरडतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. गुनिकॉर्न या पायथॉनच्या वेब सर्व्हरमध्ये 'मॅक्स रिक्वेस्ट्स' हे सेटिंग याचसाठी आहे, अमुक इतक्या विनंत्या झाल्या की वर्करने (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसने) निवृत्त व्हायचं आणि नवा येणार. अपाची या वेब सर्व्हरमध्येही तसंच आहे, आणि दोन्हींच्या कागदपत्रांत कारण म्हणून मेमरी लीकचं नाव सरळ लिहिलेलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर फुगत असेल तर मी आधी हे सेटिंग लावतो आणि रिटेनर्स सोमवारी उघडतो. त्याला जोडून 'जिटर'चा, म्हणजे प्रत्येक वर्करची मर्यादा थोडी मागेपुढे करणारा, आकडा मात्र द्यायचाच, नाहीतर सगळे वर्कर एकाच वेळी रिस्टार्टला जातात आणि मेमरी वाचवायच्या नादात साइट पडते.