जरा बघाल का?

दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या तपासणीच्या खाटेवर सात पिशव्या होत्या. शिवाय एक छत्री, दोन चष्मे आणि लहान मुलाचा बूट. एकच. पेशंट मात्र नव्हता. "सिस्टर, एवढं जरा बघाल का? दहा मिनिटांत येते," असं म्हणून पेशंट केव्हाच निघून गेली होती. मी तेव्हा एका मुलाचं नाक धरून बसले होते. नाक धरलेलं असताना माणसाला नाही म्हणायला सुचत नाही.

थीम पार्कमध्ये नर्स असते हे पुष्कळांना आमच्या खोलीत पाऊल ठेवेपर्यंत माहीत नसतं. नकाशावर स्वच्छतागृहाच्या शेजारी एक अधिकचं चिन्ह असतं, ती मी. लोकांना वाटतं, वर आकाशात उलटीपालटी होणारी माणसं एकामागून एक स्ट्रेचरवरून माझ्याकडे येत असणार. तसं काही नसतं. माझ्या रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले दोन शब्द म्हणजे ‘बूट चावला’. नवेकोरे बूट घालून दिवसभर चालायचं ही कल्पना माणसांना कोण देतं कोण जाणे. त्याखालोखाल पायरी चुकून पडलेले, डोक्याला टेंगूळ आलेले, पाणी प्यायचं विसरलेले, आणि घोळणा फुटलेले.

घोळणा फुटलेलं मूल एकटं कधीच येत नाही. त्याच्यासोबत चार मोठी माणसं येतात आणि चौघंही त्याचं डोकं मागे ढकलत असतात. मी ते पुढे वाकवते. मागे केलं की रक्त घशात उतरतं, मग पोटात, मग उलटी, आणि मग त्या उलटीतलं रक्त बघून आईच आडवी. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा, दहा मिनिटं. मधेच सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही. दहा मिनिटं किती लांब असतात ते घड्याळात कळत नाही, दुसऱ्याचं नाक धरल्यावर कळतं.

हरवलेली मुलंही माझ्याकडेच आणून बसवतात. "आईचं नाव काय?" विचारलं की उत्तर येतं, "आई."

ओरडण्याचं म्हणाल तर त्याची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. आधी ज्या हॉस्पिटलात होते तिथे जागोजागी ‘शांतता राखा’च्या पाट्या. इथे लोक किंचाळायला पैसे भरून येतात. पहिले काही दिवस प्रत्येक किंकाळीला मी खुर्चीतून उठत होते. आता किंकाळ्या थांबल्या की उठते. आम्हाला शिकवलेलंच आहे, ओरडतोय त्याचा श्वास तरी चालू आहे, आधी गप्प पडलेल्याकडे जा.

गप्प बसलेल्यांची आणखी एक जात इथे भेटते. ती पडलेली नसते, बाकावर बसलेली असते. प्रत्येक कुटुंबात एक असते. सगळे रांगेत शिरतात आणि ही बाहेर. मांडीवर पिशव्या, गळ्यात दुसऱ्या कुणाची तरी पर्स, मुठीत चार जणांचे चष्मे. ऊन सरकेल तशी ती बाकावरून सरकत जाते आणि शेवटी माझ्या दारात येते. "काही होत नाही हो. जरा बसू का?" ही खोली पेशंटसाठी आहे, विश्रांतीसाठी नाही, असं वरून बजावलेलं आहे. म्हणून मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते. पट्टा गुंडाळला की माणूस पेशंट. बीपी नीट बघायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसावंच लागतं, हे पुस्तकातलं आहे, मी माझ्या मनाचं सांगत नाही. मी फक्त ती पाच मिनिटं वीस करते.

आजची ती तशीच आली होती. बीपी १२८ आणि ८०. पाणी दिलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सगळेच विचारतात ते विचारलं, "तुम्ही इकडे कशा? हॉस्पिटल का सोडलंत?"

माझ्या घरी हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. एवढं शिकून पाळण्याखाली काय बसतेस? त्यांच्यासाठी मी एक उत्तर राखून ठेवलेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं, झोके आणि घसरगुंड्यांच्या गर्दीत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रदर्शन भरत असे. मार्टिन कूनी नावाचा माणूस ते चालवायचा. काचेच्या पेट्यांत जिवंत बाळं, आणि बाहेर २५ सेंटचं तिकीट काढून बघायला आलेली माणसं. वाचताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा हॉस्पिटलांत इनक्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या अशा पेट्या, फारशा नव्हत्याच, आणि कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे. सगळा खर्च तिकिटांतून निघायचा. त्याने हजारो बाळं वाचवली. तिथे लुईस रेक्ट नावाची नर्स होती. ती आपल्या बोटातली अंगठी काढायची आणि बाळाच्या मनगटात घालून दाखवायची. बांगडीसारखी. कूनीची स्वतःची मुलगीही अपुऱ्या दिवसांची. ती वाढली आणि पुढे तिथेच नर्स झाली. आपल्या भाषेत बाळाचाही पाळणाच आणि आकाशातलाही पाळणाच, तेव्हा मी बसते ती जागा काही अगदीच चुकीची नाही. हे मी घरी सांगते. घरचे म्हणतात, पण पगार?

त्या बाईंना मी एवढं सांगितलं नाही. "इथे रात्रपाळी नसते," म्हटलं.

"तुम्ही बसलात का हो कधी यांत?" त्यांनी विचारलं.

"नाही बसले."

"मीही नाही. मला चक्कर येते."

आणि मी एकदम आठ वर्षांची झाले. आम्ही तिघं भावंडं पाळण्यात, आई खाली. पाळणा वर गेला की मी आधी तिला शोधायची. वरून ती अगदी लहान दिसायची, आमच्या तिघांच्या चपला एका हातात आणि दुसरा हात डोळ्यांवर. आमचा डबा समोर आला की तो हात हलायचा. तू का नाही बसत, असं दर वेळी कुणीतरी विचारायचं आणि ती दर वेळी सांगायची, "मला चक्कर येते बाई." आम्हाला ते पटलेलं होतं. कुणाला दूध आवडत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते, तशी आईला चक्कर येते.

पुढे नर्सिंगला कानाचा धडा आला तेव्हा तो मी आईसाठी वाचल्यासारखा वाचला. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या, त्यांत द्रव. आपण गरगर फिरून थांबतो, पण तो द्रव लगेच थांबत नाही. कान म्हणतो फिरतोय, डोळे म्हणतात उभे आहोत, आणि मधल्यामध्ये पोट ढवळतं. गाडी लागते तीही अशाच भांडणातून. रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी रुग्णांचे कान पाण्याने धुताना पाहिलं, की पाणी फार गार असलं तर माणसाला चक्कर येते, डोळे लटपटतात, आणि गरम असलं तर ते उलट्या बाजूला लटपटतात. त्यावरून त्यांनी तोल सांभाळण्याचं सगळं कोडं उलगडत नेलं. १९१४चं नोबेल त्यांना मिळाल्याची बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. त्या पानावर मी पेन्सिलने ‘आई’ असं लिहून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, आपल्या घरातल्या एका गोष्टीचा उलगडा झाला.

तर, मी हे आठवत बसले असताना दारात नाकवाला मुलगा आला, चार माणसांसकट. आणि माझे दोन्ही हात अडकल्याचं बघून बाई उठल्या. पुढचं सांगितलंच आहे.

नाक थांबलं, मुलगा गेला. मी आणि पिशव्या उरलो. पिशव्या बघताना मला तो मूतखड्याचा प्रयोग आठवला. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड वॉर्टिंगर यांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती केली, आत खरे मूतखडे ठेवले, ती पाठीवरच्या पिशवीत घातली आणि फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरवरून वीस फेऱ्या मारून आणली. २०१६ साली ते छापून आलं. मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के वेळा खडा सुटला, पुढच्या सीटवर १७ टक्के. २०१८ला त्यांना इग् नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. म्हणजे पिशवीसुद्धा वीस वेळा बसून आली. काय काय बसून आलंय त्या राइडमध्ये, आणि पिशव्या सांभाळणारीला चक्कर येते!

पंचवीस मिनिटांनी बाई आल्या. केस विस्कटलेले, पिना सगळ्या एका बाजूला, चेहरा लाल. मी सवयीने पट्टा उचलला.

"नको नको," त्या म्हणाल्या. "ठीक आहे मी."

"कसं वाटलं?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "काही विशेष नाही हो." मग आरशात बघून केस सारखे केले, एकेक पिन मूळ जागी खोचली, पिशव्या मोजल्या, चष्मे मुठीत घेतले, बूट उचलला. दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "आमच्याकडचं कुणी येऊन गेलं का इथे?"

"नाही."

"मग राहू दे. सांगू नका."

रजिस्टरात ‘तक्रार’ या रकान्यात मी ‘थकवा’ लिहिलं होतं, ते तसंच ठेवलं. छत्री मात्र त्या विसरल्या. अजून इथेच आहे.

रात्री आईला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं केलं, "हल्ली चक्कर कशी आहे गं तुझी?"

"कसली चक्कर?" आई म्हणाली.