उजनीच्या उतरत्या पाण्यावर एक सकाळ

एप्रिलचा शेवटचा आठवडा. पहाटे साडेपाचला कुंभारगावच्या काठावर पोचलो, तर पाणी पार आत सरकलेलं. भेगाळलेल्या गाळातून दहा मिनिटं चालावं तेव्हा होडी. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून वरचं पाणी संपून ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात तेव्हाही समोर नजर पोचणार नाही एवढं पाणी असतं. उन्हाळ्यातली मासेमारी चालते ती याच पाण्यावर.

होडीवाल्या मामांनी जाळं आदल्या संध्याकाळीच लावलं होतं. उन्हं चढली की वारं सुटतं, लाटा उठतात, म्हणून जाळं उचलायचं ते उजाडताच. पाणी हिरवंगार, त्याला शेवाळाचा उग्र वास. जागोजागी मासे तोंडं वर काढून हवा घेत होते. “दम लागलाय त्यास्नी,” मामा म्हणाले. रात्रभर हे शेवाळच पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पहाटे माशांची घुसमट होते. वरच्या शहरांचं सांडपाणी याच नदीतून इथं येतं. एवढा मोठा जलाशय असा हिरवा पडलेला बघून फार वाईट वाटलं.

जाळ्यात पहिली आली चिलापी. दुसरीही चिलापी. पुढची वीस-पंचवीसही तीच! मूळची ही आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली. शेवाळावर पोसते आणि साठलेल्या पाण्यातच अंडी घालते, म्हणून उजनी तिला मानवली. एक मादी मामांनी आसातून, जाळ्याच्या भोकातून, सोडवली, तिनं तोंड उघडलं आणि मोहरीहून जरा मोठी पिवळसर अंडी त्यांच्या तळहातावर सांडली. चिलापी अंडी तोंडातच उबवते, हे वाचलं होतं, बघितलं आज. मामांनी तिला हलकेच पाण्यात सोडलं.

मग एक शिंगाडा, लांब मिशांचा मासा. वाम आणि मरळही मिळते म्हणे, पण आज नव्हती. शेवटी जाळं जड लागलं आणि मामांचा चेहरा पडला. सकर! काळपट, खडबडीत, अंगावर चिलखत. दक्षिण अमेरिकेतला हा मासा, काचेच्या टाक्यांमधून आपल्या नद्यांत सुटला. त्याचे काटे जाळ्यात असे रुततात की आस कापल्याशिवाय तो निघत नाही, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मामा विळ्यानं एकेक धागा तोडत होते आणि विणलेलं जाळं डोळ्यांदेखत फाटत होतं.

“कटला, रोहू?” मी विचारलं.

“आधी लई होता. आता बीज, बारकी पिल्लं, सोडली तरच.”

कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यात बारीक आसाचं वडाप जाळं ओढणारे बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडत नाहीत. माझ्या मते इथलं सर्वांत मोठं नुकसान हेच. सोडलेलं बीज मोठं व्हायला वेळच मिळत नसेल, तर ते सोडून उपयोग काय?

परतताना उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता. मी फोटो काढायच्या नादात होतो, मामा मात्र पश्चिमेकडे बघत म्हणाले, “पुण्याकडं पाऊस लागू द्या. गढूळ लोंढा आला की या. कटला असला तर तवाच वर चढतो.”